सोनचाफा दर उन्हाळ्यात करपतो: बिघाड शोधायचा तो ऑगस्टमध्ये

मार्च सरत आला की पानांच्या कडा तपकिरी व्हायला लागतात. एप्रिलच्या मध्यापर्यंत अर्धं पान कुरकुरीत होतं आणि मे अखेरीस नवतपा लागेपर्यंत शेंड्याकडच्या फांद्यांच्या नुसत्या काड्या उरतात. मृगाचं पाणी पडलं की बुडातून हिरवे कोंब फुटतात, घरचे म्हणतात "वाचलं एकदाचं", आणि पुढच्या वर्षी पहिले पाढे पंचावन्न. "भाऊ, सोनचाफा पुन्हा जयून रायला" ही तक्रार विदर्भात वरुड-मोर्शीपासून ब्रह्मपुरीपर्यंत सारखीच ऐकू येते.

लहान अंगणात सोनचाफा लावायचं कारण सरळ आहे. झाड उभं वाढतं, फार पसरत नाही, बारमाही हिरवं असतं, आणि कुंपण व भिंत यांच्यामधल्या सात-आठ फुटांत मावतं. कलमी असलं तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फुलंही देतं. परदेशी बागांचे फोटो बघून डॉगवूड आपल्याकडे होईल का, असंही काही जण विचारतात. त्याच्या उभ्या, अरुंद जाती दिसतात फारच देखण्या. पण एक जात पूर्व अमेरिकेतली, दुसरी जपान-कोरिया-चीनकडची. हिवाळ्यात पानं गाळून थंडीत महिनोन् महिने झोप काढल्याशिवाय त्या नीट फुलत नाहीत, आणि आपल्याकडची थंडी त्यांना पुरणारी नाही. फोटोतल्या त्या पांढऱ्या पाकळ्याही खरं तर बोगनवेलीसारखी रंगीत पानंच असतात. गंमत म्हणजे डॉगवूडच्या मागण्या सोनचाफ्यासारख्याच आहेत: थोडी आंबट माती, पाण्याचा निचरा, मुळांना गारवा. उन्हाळ्यात तिकडेही पानांच्या कडा अशाच जळतात. तेव्हा सोनचाफ्याचंच गणित सोडवू.

ऊन कारणीभूत आहे, पण निम्मंच

पहिला संशय उन्हावर जातो आणि तो खोटा नाही. हे झाड हिमालयाच्या पायथ्याचं, ईशान्येचं आणि पश्चिम घाटाचं, म्हणजे दमट हवेचं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि वारा कोरडा फुफाटा. पण गावात फिरून बघा. त्याच गावात, त्याच उन्हात एखाद्या देवळाच्या ओट्यावर किंवा जुन्या वाड्याच्या चौथऱ्याशी सोनचाफा हिरवागार उभा दिसेल. त्याला ना हिरवी जाळी, ना रोजचं पाणी. फरक वरच्या उन्हात नसतो, खालच्या मातीत असतो. ते झाड उंचावर आहे, त्याच्या मुळाशी पावसाचं पाणी थांबत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे, की मेमध्ये करपलेलं झाड बहुतेक वेळा ऑगस्टमध्येच आजारी पडलेलं असतं. झड लागली की काळ्या भारी जमिनीतला खड्डा पाण्याने तुंबतो. ही चिकणमाती ओली झाली की फुगते आणि तिच्या फटी मिटतात, मग पाणी खाली उतरायला वाटच राहत नाही. मुळांना हवा मिळत नाही आणि अन्नपाणी घेणारी बारीक पांढरी मुळं गुदमरून सडतात. सोनचाफ्याची मुळं मांसल, जाडसर असतात, ती याला लवकर बळी पडतात. वर मात्र काहीच दिसत नाही. आभाळ भरलेलं, हवा दमट, पानांतून पाणी फारसं उडत नाही, त्यामुळे उरलेल्या मुळांवर झाडाचं भागून जातं. दिवाळीतही ते ठीकच वाटतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये कोरडा वारा सुटला, पानांची मागणी वाढली, की मुळांचा हिशोब उघडा पडतो. मग आपण जाळी बांधतो आणि बादलीवर बादली ओततो. सडक्या मुळांवर आणखी पाणी.

संत्र्याच्या पट्ट्यातल्या माणसाला यात नवं काही नाही. डिंक्या (खोडातून डिंक गळणं) आणि मूळकूज याच वाटेने येतात, आणि ज्या बुरशीला संत्रावाले फायटोप्थोरा म्हणून ओळखतात तिला तुंबलेलं पाणीच लागतं. आश्चर्य एवढंच की वावरात बुंध्याला पाणी लागू नये म्हणून झाडाभोवती डबल रिंग, म्हणजे दोन गोल आळी, आखणारा माणूस घरच्या अंगणात सोनचाफ्याच्या बुंध्यालाच पाइप लावून ठेवतो.

आधी खात्री करा

झाडाच्या घेराच्या कडेला, बुंध्यापासून लांब, खुरप्याने वीतभर माती उकरा. निरोगी मूळ पांढरट-पिवळसर आणि टणक असतं. सडलेलं काळपट असतं, दोन बोटांत धरून ओढलं की साल मोज्यासारखी निघून येते आणि हातात आतला दोरा राहतो. मातीला गटारासारखा वास येत असेल तर पुढची परीक्षा करायचीही गरज नाही.

शंका असेल तर झाडापासून चार-पाच फुटांवर दीड फूट खोल खड्डा घ्या. तो पाण्याने भरा, जिरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी चार-सहा तासांत उतरलं तर निचरा बरा आहे. दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी दिसत असेल तर तिथे सोनचाफा टिकणार नाही. ही परीक्षा पावसाळ्यातच करा. उन्हाळ्यात काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा असतात, त्यातून पाणी झर्रकन खाली जातं आणि जमीन फार निचऱ्याची आहे असा भास होतो.

खड्डा हाच घोटाळा

झाड लावताना सगळीकडे एकच सल्ला मिळतो: दोन बाय दोन बाय दोनचा खड्डा घ्या, शेणखत, पालापाचोळा आणि चांगली माती भरा. मुरमाड बरडावर हा सल्ला उत्तम आहे. काळ्या भारी जमिनीत मात्र तो झाडाचा घात करतो. आजूबाजूची माती पाणी बाहेर जाऊ देत नाही, आतली भुसभुशीत माती ते ओढून घेते, आणि खड्डा म्हणजे भोक नसलेली कुंडी होते. जितका मोठा आणि जितका प्रेमाने भरलेला खड्डा, तितकं जास्त पाणी तुंबतं. त्यात रोप कोकणातून किंवा आंध्रातल्या कडियमकडून आलेलं असतं, त्याच्या पिशवीत लाल मातीचं घट्ट ढेकूळ असतं. ते तसंच काळ्या मातीत बसवलं की दोन मातींच्या सीमेवर मुळं अडतात. कोरड्यात ढेकूळ सुकतं आणि झडीत ते भिजूनच राहतं.

लावलेल्या झाडासाठी पहिला उपाय चर. खड्ड्याच्या कडेपासून उताराच्या बाजूला हातभर रुंदीचा चर काढा, पण त्याचा तळ मूळ खड्ड्याच्या तळापेक्षा खोल हवा. लोक वीतभर नाली काढतात, तिच्यातून फक्त वरचं पाणी जातं आणि खालचं तसंच राहतं. चरात मोठे दगड, वर गिट्टी, त्यावर जाडा मुरूम भरून वरून माती ओढली तर अंगण पुन्हा सपाट होतं आणि वहिनींना रांगोळीला जागाही राहते. चर एखाद्या खोलगट जागेत किंवा शोषखड्ड्यात नेऊन सोडा.

अंगणाला उतारच नसेल, किंवा घर रस्त्यापेक्षा खाली गेलं असेल, तर चराने काम भागत नाही. हल्ली हे बरंच दिसतं. सिमेंटचा रस्ता दरवेळी थर चढवत उंच होतो आणि अंगणं खाली जातात. अशा ठिकाणी झाड वर्ष-दोन वर्षांचं असलं तर उचलून उंचवट्यावर घ्यावं. सोनचाफ्याला मुळं हलवलेली अजिबात खपत नाहीत, म्हणून मातीचा गोळा जमेल तेवढा मोठा ठेवा आणि ढगाळ दिवस निवडा. त्याहून मोठं झाड उचलायच्या फंदात पडू नका.

उंचवटा करायचा तो खड्डा न घेता. जमीन कुदळीने फक्त वरवर मोकळी करा. त्यावर दीड फूट उंच आणि चार-पाच फूट रुंद ढीग घाला: तीन भाग बरडाची किंवा लाल-पिवळी भुरभुरीत माती आणि एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत. काळ्या मातीत दोन घमेली रेती मिसळून काही साधत नाही, ती चिकटून आणखी टणक होते. कडेने दगड रचले की ओटा तयार. पिशवीतल्या ढेकळाची बाहेरची माती बोटांनी हलकेच सैल करा, मुळं तोडू नका, आणि कलमाचा जोड मातीच्या वर निदान वीतभर राहील असं लावा. ढीग पहिल्या पावसाळ्यात खचतो हे धरूनच चाला. लावणी पहिल्याच पावसात उरकायची घाई नको. सप्टेंबरमध्ये झडी ओसरल्यावर लावलेल्या रोपाला थंडीचे महिने मुळं पसरायला मिळतात, फक्त पुढे पाण्याची सोय हवी.

भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे माती वेगळी, पिवळसर-तांबूस, आणि पाऊस पश्चिम विदर्भाच्या दीडपट-दुप्पट. तिथे मातीतल्या चुन्याचा त्रास (तो पुढे येतोच) कमी, पण धानाच्या बांधीशेजारचं अंगण असेल तर पाणी तुंबण्याची कथा हीच.

मूळकूज दिसली तर बुंध्याला बोर्डो पेस्ट लावा: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी हे संत्र्याचंच प्रमाण, घरच्या एका झाडाला १०० ग्रॅम, १०० ग्रॅम आणि १ लिटर पुरून उरतं. मोरचूद आणि चुना वेगवेगळे भिजवा, लोखंडी भांडं वापरू नका. पावसाआधी एकदा आणि नंतर एकदा, दोन-अडीच फुटांपर्यंत. मेटालॅक्सिल-मॅन्कोझेब या बुरशीनाशकाची आळवणीही करतात, म्हणजे द्रावण मुळाशी ओततात, ती पाकिटावरच्या मात्रेनेच करावी. पण पाण्याला वाट काढल्याशिवाय औषध ओतणं म्हणजे दुकानदाराची सोय.

मुळं चांगली आहेत, तरीही झाड आजारी

आता दुसऱ्या शक्यता. यात पानं काय सांगतात ते बघायचं.

नवीन पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह मिळत नाही. ते मातीत नसतं असं नाही, चुनखडीमुळे अडकलेलं असतं. विदर्भाच्या काळ्या जमिनी बहुतेक अल्कधर्मी, सामू (पीएच) साधारण साडेसात ते साडेआठ, आणि बऱ्याच ठिकाणी मातीत चुन्याचे पांढरे खडे दिसतात. कोरड्या मातीच्या चिमटीवर लिंबाचे किंवा व्हिनेगरचे थेंब टाका. फेस आला, सूं असा आवाज आला, तर मोकळा चुना आहे. अशा मातीत हिराकस (लोहाचा क्षार) टाकलं तरी थोड्या दिवसांत तेही अडकतं, आणि गंधक टाकून सामू उतरवायचा म्हटलं तर आधी तो सगळा चुना संपायला हवा. म्हणून फवारणी बरी: १ लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस आणि अडीच ग्रॅम चुना, गाळून, संध्याकाळी, कोवळ्या पानांवर. जमिनीतून द्यायचं तर दुकानात चिलेटेड लोह मागताना नाव बघून घ्या. ईडीटीएचं स्वस्त पाकीट आपल्या मातीत टिकत नाही, ईडीडीएचए टिकतं. ते महाग असतं, पण एका झाडाला थोडंच लागतं. माती परीक्षण जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात करून मिळतं. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाकडेही सोय आहे.

घरकुलाचं बांधकाम नुकतंच झालं असेल तर आधी मलबा शोधा. भिंतीच्या कडेला सिमेंटचा माल, विटांचे तुकडे आणि चुना गाडलेला असतो आणि झाड बरोबर त्याच्यावर लावलेलं असतं. तिथे कितीही लोह फवारलं तरी पुढच्या पालवीला पुन्हा पिवळेपणा.

जुन्या पानांच्या कडा हिवाळ्यातसुद्धा जळत असतील, आळ्यात पांढरी पापडी धरत असेल, तर पाणी खारं आहे. दर्यापूर-अकोटकडच्या खारपाणपट्ट्यात हे सांगायची गरज नाही, तिथे बोअरचं पाणी सोनचाफ्याला देऊच नये. नळयोजनेचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी पुरवता येत असेल तरच हे झाड लावावं. इतर ठिकाणी गुन्हेगार न्हाणीचं पाणी असतं. साबणाचा सोडा रोज रोज मुळाशी जातो, माती घट्ट होते आणि पानाची कड आधी जाते. मावशी म्हणतात, "पाणी वाया कायले घालवायचं?" बरोबर आहे, ते केळीला आणि अळूला घाला.

झाड एकाच बाजूने करपत असेल, तीही नैर्ऋत्येची किंवा टिनाच्या शेडकडची, तर मात्र ऊनच. मार्चच्या मध्यापासून त्या बाजूला तुराट्या किंवा पऱ्हाटीचा ताटवा उभा करा. वरून गच्च झाकण्यापेक्षा दुपारनंतरचं ऊन आणि वारा अडवणारा आडोसा जास्त कामाचा. हिरवी जाळी लावायची तर ५० टक्क्यांची, पानांना न टेकता.

एकच फांदी अचानक वाळली तर ती चिरून बघा, आत भुसा किंवा बोगदा असेल तर खोडकिडा. जिवंत लाकूड लागेपर्यंत कापा, काप्यावर पेस्ट लावा. पानं अर्धवट खाल्लेली दिसली तर औषध शोधत बसू नका. हिरवे ठिपके असलेल्या एका चपळ फुलपाखराची अळी चाफ्यावर आणि खोट्या अशोकावर जगते. चार पानं गेली तरी झाडाला काही होत नाही.

"वाचलं" म्हणण्याआधी जोड बघा

सगळ्यात फसवं प्रकरण हे. पावसाळ्यात बुडातून कोंब फुटतात, जोमाने वाढतात, सगळे खूश. मग वर्षांमागून वर्षं जातात आणि फूल एक नाही. कोंब कलमाच्या जोडाच्या खालून आलेले असतात. वरचं कलम मेलं, उरलं ते बियाचं खुंट. बियाच्या सोनचाफ्याला फुलायला सात-आठ वर्षं सहज लागतात, कधी त्याहून जास्त, आणि ते झाड सरळ आभाळाकडे जातं. जंगलात ते १०० फुटांच्या आसपास पोचतं, अंगणात निदान विजेच्या तारेला तरी नक्की.

जोड बुंध्यावर गाठीसारखा किंवा तिरक्या व्रणासारखा दिसतो. कोंब त्याच्या वरून असेल तर एक-दोन सरळ ठेवा, बाकीचे काढा. खालून असेल आणि वर काही जिवंत असेल तर तो कोंब बोटाएवढा होण्याआधीच मुळापासून तोडा, नाहीतर वरचं कलम उपाशी मरतं. वर काहीच जिवंत नसेल तर दोन पर्याय आहेत: त्या खुंटावर जाणत्या माळ्याकडून पुन्हा कलम बांधून घ्यायचं, किंवा झाड काढायचं. मी कलम बांधायला सांगेन, पण मुळं तपासून मगच.

उन्हाळ्याची तयारी फेब्रुवारीत

आच्छादन मेमध्ये घालणाऱ्यांनी उशीर केलेला असतो. भेगा पडायच्या आधी, फेब्रुवारीत, आळं हलकं खुरपून घ्या आणि त्यावर सोयाबीनचं किंवा तुरीचं कुटार (भुसा) तीन-चार इंच पसरा. काळी माती वाळताना आकसते आणि भेग पडते तेव्हा बारीक मुळं अक्षरशः तुटतात, म्हणून माती पूर्ण कोरडी होऊ न देणं हेच इथलं मोठं काम. कुटार बुंध्यापासून वीतभर लांब ठेवा. उधई (वाळवी) असलेल्या जागी आठवड्याला एकदा उचलून बघा.

पाणी बुंध्याला द्यायचं नाही. बुंध्याभोवती माती चढवा, तिच्या बाहेर गोल आळं करा आणि पाणी त्या आळ्यात सोडा. पुरुषभर उंचीच्या झाडाला एप्रिल-मेमध्ये तीन-चार दिवसांनी दोन बादल्या सावकाश जिरवणं हे रोजच्या तांब्याभर पाण्यापेक्षा कितीतरी चांगलं. काका-काकू दोघंच घरी असतील आणि बादल्या उचलणं जमत नसेल तर घेराच्या कडेला दोन मातीची मडकी तोंडापर्यंत पुरा, झाकण ठेवा आणि रिकामी झाली की भरा. उंचवट्यावरचं झाड लवकर सुकतं, तिथे एक दिवस आधी पाणी द्या.

उन्हाळ्यात छाटणी नको. करपलेल्या फांद्या डोळ्याला खुपतात हे खरं, पण त्यांचीच थोडी सावली खोडाला मिळते. पाऊस लागला, कोंब कुठून फुटतात ते दिसलं, की मग कात्री लावा. झाड अरुंद आणि हाताला येईल असं ठेवायचं तर शेंडे कोवळे असताना खुडत राहा. फुलं पानाच्या बगलेत येतात, तेव्हा खूप छाटलं तर त्या हंगामातली फुलं गेली. नुसती पानंच येत असतील तर युरिया थांबवा.

दोन उन्हाळे चर काढून, आच्छादन घालून, जोड सांभाळूनही झाड तसंच करपलं तर सोडून द्या. पारिजातक मध्य भारतातल्या डोंगरउतारांवर आपला आपण वाढतो, उन्हाळ्यात पानं गाळून मोकळा होतो, आणि थोडी छाटणी केली की अरुंद जागेतही राहतो. पांढरा चाफाही या उन्हाला भीत नाही. बुचाचं झाड उंच आणि सडपातळ, फुलंही सुगंधी, पण फांद्या वादळात मोडतात आणि मुळांतून फुटवे सगळ्या अंगणात निघतात, म्हणून घराला लागून नको. पण यातलं काहीही लावलं तरी जुन्या खड्ड्यात लावू नका. तिथे पाणीही तेच थांबणार आणि सडवणारी बुरशीही मातीत टिकून असते. नवं रोप निदान सहा-सात फूट सरकवून ओट्यावर घ्या, आणि तो जुना खड्डा न्हाणीच्या पाण्यासह केळीला देऊन टाका.